एसी घेण्याआधी छप्पर पाहा

दर उन्हाळ्यात आमच्याकडे व्यापारी व कारागीर बांधव एक प्रश्न हमखास घेऊन येतात. घरी एसी बसवायचा आहे, एक टनाचा घ्यावा की दीड टनाचा? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न कंपनीचा असतो. आम्ही उलट विचारतो, खोली कोणत्या मजल्यावर आहे, वर स्लॅब आहे की पत्रा, मीटरपासून खोलीपर्यंतची वायर केव्हाची आहे? यावर बरेचजण नाराज होतात. भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाची दुकानदाराने उलटतपासणी करावी, तसे त्यांना वाटते.

पण हेच प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे आम्ही स्वतः एकदा चांगलेच पैसे घालवून बसलो आहोत. नंदुरबार शहरातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे. अब्बांना उष्म्याचा त्रास होऊ लागला म्हणून तेथे एक टनाचा स्प्लिट एसी बसवला. त्याचा बाहेरचा भाग, म्हणजे आउटडोअर, शेजारच्या तीन फुटी बोळात टांगला, कारण तेथे पाइप सर्वांत कमी लागत होता. एप्रिल बरा गेला. मे महिन्यात दुपारी दोन वाजले की मशीन बंद पडे व संध्याकाळी आपोआप सुरू होई. मेकॅनिक आला, गॅस कमी आहे म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा गॅस. तिसऱ्या वर्षी एक वयस्क कारागीर आले. त्यांनी गेज बाहेर काढण्याआधी नुसता हात बोळात घातला आणि म्हणाले, "भाई, तुमच्या मशीनला श्वास घ्यायला जागाच नाही." मशीनने फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा मशीनमध्येच जात होती. आउटडोअर गच्चीवर उत्तरेच्या कठड्याआड नेला, गच्चीला चुना मारला. त्यानंतर गॅस भरण्याची वेळ आलेली नाही. तीन उन्हाळे अब्बा मात्र दुपारी ओटीवर ओला पंचा घेऊन बसत होते.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, एसी थंडावा तयार करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उष्णता आत येण्याचा मार्ग मोठा असेल, किंवा बाहेर टाकण्याची जागा कोंदट असेल, तर कितीही महागडे मशीन घ्या, ते हरणारच.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा लहान असला तरी हवामान एकसारखे नाही. तोरणमाळ व धडगावकडच्या सातपुड्याच्या उंच गावांत रात्री पंख्यावर भागते. नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीकाठच्या सपाटीवर मात्र मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेलाच असतो. ही उष्णता कोरडी असते. मृग लागला की तीच हवा दमट होते.

म्हणूनच पहिला सल्ला देतो, जो एसीच्या दुकानदाराला आवडणार नाही. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे पाण्याचा कूलर उत्तम काम करतो, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते व उडताना उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या नातेवाइकाने कूलर बेकार म्हटला तर तो त्याच्या गावापुरता बरोबर आहे. कूलरची किंमत एसीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, वीज दीडशे-दोनशे वॉट. मात्र त्याला खिडकी उघडी हवी, रोज पाणी हवे, आणि पावसाळ्यात व ऑक्टोबरच्या उकाड्यात तो चिकचिक वाढवतो. शिलाईकाम, जरीकाम, पुठ्ठ्याचे किंवा कागदाचे काम जेथे चालते तेथे कूलरची ओल मालाला बाधते. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी आधुनिक एसीची पहिली योजना आखली ती माणसांसाठी नव्हे, तर ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, ही तेथील अडचण होती. आजही कारागिराला एसी परवडतो तो बहुधा मालामुळे.

कूलरवर भागत नाही असे ठरले, तर पुढचा खर्च छपरावर करा. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती व मातीचे छप्पर असे, ती घरे दुपारी गार राहत. आता त्यांच्या जागी चार इंची स्लॅब आणि पत्रे आले. नुसत्या पत्र्याच्या खोलीत एसी लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आधी खाली पीव्हीसी किंवा जिप्समचे सिलिंग, त्यावर ग्लासवूलचा किंवा तत्सम थर, आणि पत्र्याच्या फटी बंद. स्लॅब असेल तर गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला. पुढे तेथील वस्त्यांत छपरे पांढरी करण्याचे काम त्याच्याशी जोडले गेले. पांढऱ्या छपराने खोली दोन ते पाच अंशांनी उतरते असे त्या कामात सांगितले जाते. एका खोलीच्या गच्चीला चुना मारायला किती लागते, हे आपल्या रंगाऱ्याला विचारा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या किंवा हिरवी जाळी लावा. पडदा आतून लावला तर ऊन आधीच आत आलेले असते. सोलर पॅनेल बसवण्याचा विचार असेल तर त्यांची सावलीही गच्चीला मिळते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्त असल्यास एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठेवलेले आहे.

यानंतर मशीन. मोठ्या मॉलमध्ये किंवा सिनेमागृहात छतातून पत्र्याचे नळ फिरवून थंड हवा नेतात. घरांना त्या नळांची गरज नाही आणि जागाही नाही. भिंतीला तीन इंचांचे भोक पाडून तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर व पाण्याची एक नळी नेली की स्प्लिट एसी बसतो. विंडो एसी त्याहून स्वस्त, बसवायला सोपा, भाड्याच्या घरातून उचलून नेता येतो. आवाज मात्र जास्त, आणि खिडकी कायमची अडते. भाड्याने राहणाऱ्यांनी विंडोकडे नाक मुरडू नये. एका आउटडोअरवर दोन-तीन खोल्या चालवणारे मल्टी स्प्लिटही मिळतात. बाहेर जागाच नसलेल्या फ्लॅटला ते ठीक, पण एक आउटडोअर बिघडला की भर मे महिन्यात सगळे घर बसले. सुटे भाग जिल्ह्यात लवकर मिळतील याची खात्री असल्याशिवाय आम्ही तो सल्ला देत नाही.

टनाचा अर्थ अनेकांना वजन वाटतो. हे माप बर्फाच्या धंद्यातून आले आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारे मशीन एक टनाचे. आजच्या हिशेबात ते साडेतीन किलोवॉट होते. मधल्या मजल्यावरच्या १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टन, त्यापुढे १८० पर्यंत दीड टन, हा बाजारातील सर्वसाधारण ठोकताळा. खोली वरच्या मजल्यावर असेल, पश्चिमेला भिंत असेल, खोलीत पाच-सहा जण झोपत असतील, किंवा इस्त्री व शिलाई मशिने चालत असतील तर एक पायरी वर जा. आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असते. मशीनची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४३ अंशांत तेच मशीन तितके काम करीत नाही. '५२ अंशांतही चालतो' अशी जाहिरात असते, तिचा अर्थ बंद पडत नाही एवढाच घ्यावा. दुकानदाराला ४३ अंशांतील क्षमता विचारा. सांगता आली तर तो माहितगार. पण या भीतीने लहान खोलीला दोन टन लावू नका. फार मोठे मशीन पावसाळ्यात खोली झटकन गार करून मंदावते, आणि हवेतील ओल तशीच राहते.

इन्व्हर्टर एसी बॅटरीवर चालतो, हा गैरसमज आम्ही चांगल्या शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे. वीज गेली की तोही बंद. इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारी यंत्रणा. जुन्या पद्धतीचे मशीन पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असते, हे मात्र गरजेपुरते चालते. रात्रभर लावणाऱ्याला याचा फायदा होतो.

ताऱ्यांचा हिशेब व्यापाऱ्याप्रमाणे करावा. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांसाठी असतात. बाजारातील दीड टनाच्या पाच तारे इन्व्हर्टरवर साधारण साडेसातशे, तीन तारेवाल्यावर हजाराच्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे तासाला फरक सुमारे पाव युनिटाहूनही कमी, ०.१५ युनिट. आता घरी एप्रिल ते जूनचा मध्य व ऑक्टोबरातील काही रात्री धरून ९५ रात्री, आठ तास, म्हणजे ७६० तास. फरक झाला सुमारे १२० युनिट. समजा वरच्या टप्प्यात युनिटमागे १२ रुपये पडले, तर वर्षाला १४४० रुपये वाचले. दोन मशिनांच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल, तर तो फिटायला साडेपाच वर्षे लागतील. उलट दुकानात दिवसाला दहा तास, दोनशे दिवस म्हणजे २००० तास चालणार असेल, तर ३०० हून जास्त युनिट वाचतात आणि वाणिज्य दर घरगुतीपेक्षा महाग असतो. समजा १५ रुपये धरला, तर आठ हजार दोन वर्षांच्या आत वसूल. भर उन्हात लेबलपेक्षा वीज जास्त लागते, तेव्हा प्रत्यक्ष फरक थोडा वाढेलही. आपले आकडे घालून हाच हिशेब करा. म्हणूनच आमचे मत असे की, फक्त रात्री वापरणाऱ्या घराने तीन तारे घेऊन उरलेले पैसे सिलिंगला व वायरिंगला घालावेत, आणि दुकानाने पाच तारेच घ्यावेत. लेबलवरचे वर्षही पाहा. ताऱ्यांची कसोटी दर काही वर्षांनी कडक होते, त्यामुळे जुन्या साठ्यातील पाच तारे नव्या कसोटीत चारही ठरू शकतात.

बिलाबद्दल एक भीती दूर करू. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० व ५०० युनिटांचे टप्पे आहेत. ३०० च्या पुढे गेले की सगळेच युनिट महाग होतात असे नाही, पुढचे तेवढे महाग होतात. पण महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घरात मे महिन्यात एसीचे दोनशे युनिट आले, तर शेवटचे पन्नास वरच्या दराने जातात, हे ध्यानात ठेवा. २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतो. तो १८ वर नेल्याने खोली लवकर गार होते हा भ्रम आहे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ वर ठेवून छताचा पंखा हळू लावा.

वायरिंगकडे कुणीच पाहत नाही. जुन्या घरांत दिव्या-पंख्यासाठी घातलेल्या बारीक वायरीवर एसी जोडला की सॉकेट वितळते, आणि आग लागते ती येथूनच. दीड टनाच्या मशीनला मेन बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी व खरे अर्थिंग हवे. खरे म्हणजे नळाच्या पाइपला गुंडाळलेले नव्हे. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो अपुरा असेल तर वाढवून घ्यावा. व्होल्टेज वायरमनकडून दुपारी तीनला व रात्री दहाला मोजून घ्या. बहुतेक इन्व्हर्टर एसी बऱ्याच कमी-जास्त व्होल्टेजवर चालतात, पण आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच स्टॅबिलायझर टाळायचा की घ्यायचा ते ठरवा.

आउटडोअरचे आमचे दुखणे वर सांगितलेच आहे. मागे वीतभर, पुढे निदान चार फूट मोकळी जागा, दुपारनंतरचे ऊन नको, हात पोचेल अशी जागा हवी. शेजाऱ्याच्या खिडकीवर गरम हवा मारू नका. गल्लीतील अर्धी भांडणे यावरूनच लागतात. मिरचीच्या पथारीच्या वाऱ्याला घर असेल, तर हंगाम संपताच आउटडोअरची जाळी पाण्याने धुवा. आतली जाळी पंधरा दिवसांनी घरच्या घरी नळाखाली धुता येते, त्याला मेकॅनिक लागत नाही.

आता खरेदी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दुकानासाठी घेताना बिल जीएसटी क्रमांकावर घ्या. कंपोझिशनमध्ये नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या कराचा परतावा हिशेबात मिळू शकतो. घरच्या एसीला तो नाही. सुरतहून आणण्याचा मोह नवापूर-नंदुरबारकडे जुना आहे. पूर्वी दोन राज्यांच्या करात फरक असे. १ जुलै २०१७ पासून कर सारखाच झाला, उरला तो दुकानदाराच्या नफ्यातला फरक. त्यातून भाडे, वाटेतील दणके व बसवणाऱ्याची मजुरी वजा करा आणि मग ठरवा. जुने, हॉटेलातून निघालेले मशीन स्वस्त मिळते. त्यात आर-२२ गॅस असेल तर घेऊ नका. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

हप्त्याबद्दल बांधव विचारतात, 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज नसते ना? २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. बहुतेक योजनांत बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. शिवाय प्रक्रिया शुल्क व व्याजावरील जीएसटी वेगळा. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचाच नाही, त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीत रोखीने घ्यावा. त्या दिवसांत दुकानदार भावाला नरम असतो आणि मेकॅनिक मोकळा असतो. आपल्या ओळखीचा दुकानदार त्याच भावात चार महिने खात्यावर देत असेल, तर तो वेगळा व्यवहार.

शेवटचा मुद्दा मेकॅनिक बांधवांसाठी, कारण या पानाचे बरेच वाचक त्याच कामात आहेत. एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणे. गिऱ्हाइकाला हे आज ना उद्या कळते. नवे मशीन बसवताना व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा काढण्याची जुनी पद्धत अजून चालते. नळीत राहिलेली हवा व ओल कॉम्प्रेसर खाते, आणि नव्या मशिनांतील आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असल्याने तो खोलीत किंवा बाल्कनीत असा सोडणे धोक्याचे आहे. पंप, फ्लेअरिंगचे चांगले हत्यार, क्लॅम्प मीटर व नायट्रोजनचा सिलिंडर एवढी गुंतवणूक करणारा कारागीर मजुरी जास्त मागू शकतो, आणि आम्ही ती देतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दुकानात हाताखाली शिकलेल्या मुलानेही तो केला तर कंपनीच्या कामाची दारे उघडतात.

आणि गळती तपासायला नायट्रोजन संपला म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नळीत भरू नका. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. नायट्रोजन आणायला उद्या जावे लागले तरी चालेल, गिऱ्हाईक एक रात्र पंख्यावर काढील.